यादीतला बारावा

मांजर्लीच्या उल्हासतीर क्रीडा मंडळाच्या कबड्डी संघात अकरा खेळाडू आहेत आणि यादीत नावं बारा असतात.

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. आसपासच्या गावांतल्या स्पर्धांना सामन्याआधी नावं वाचायचं काम माझ्याकडे असतं. माझा आवाज माईकशिवायही नदीपलीकडे जातो, असं पोरं चिडवतात. मी एक ते अकरा वाचते, एकेक जण हात वर करतो. मग वाचते, "बारा नंबर, प्रीतम जनू भोपी." अकराही जण एकदम म्हणतात, "हजर." पंच मान खाली घालून टिक करतात. समोरचा संघ तेवढा वेळ गप्प उभा राहतो आणि मग नाणेफेक होते.

प्रीतम जाऊन तीन वर्षं झाली. नदीचं पाणी चढलं होतं, तो मंडळाच्या तळमजल्यावरच्या खोलीतून मॅट वर काढायला गेला आणि भिंतीतल्या बोर्डाचा शॉक बसला. त्याचं नाव यादीत ठेवायचं, हे कुणी सभा घेऊन ठरवलं नाही. पुढच्या स्पर्धेची यादी आली तेव्हा ते त्यात होतं, एवढंच. यादी बनवते त्याची धाकटी बहीण, मनाली.

मनाली स्वतः कधी कबड्डी खेळली नाही. लहानपणी एकदा प्रीतमनं तिला घोट्याची पकड शिकवली आणि तिचा पुढचा दात हलला, तेवढाच तिचा खेळ. पण मंडळाचे कागद ती दहावीत असल्यापासून सांभाळते. निळी प्लास्टिकची झाकणवाली पेटी आहे तिच्याकडे. आमच्या भागात कागद कपाटात ठेवत नाहीत, नदी कधी घरात येईल सांगता येत नाही. त्या पेटीत प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स, चार-चार फोटो, जन्मदाखले, कुणाचा कोणता गुडघा कधी गेला त्याची चिठ्ठी.

"मने, वजन किती लिहिलंस माझं?" कप्तान संतोष विचारायचा.

"काट्यावर होतं तेवढं."

"दोन किलो कमी लिही ना. गट बदलेल."

"दोन किलो कमी खा ना. गट बदलेल."

अशी ती. कमी बोलणारी, पण बोलली की समोरच्याच्या हातात दुसरं वाक्य उरत नाही. एक गोष्ट मात्र विचित्र होती. ती कुणाला फोन करत नसे. अकरा खेळाडू, पंच, जिल्ह्याचे पदाधिकारी, सगळ्यांना मेसेज. तुमचा फोन आला तर उचलायची, पण स्वतः लावायची नाही. आम्हाला वाटायचं, हल्लीच्या मुली अशाच.

बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असताना तिला कळलं, की आपण जे करतो त्याला नाव आहे. स्पोर्ट्स मॅनेजमेंट. मुंबईतल्या एका संस्थेत त्याचा वर्षभराचा कोर्स होता.

"अगं, मी इतकी वर्षं जे फुकट करतेय ना, ते शिकवायला तिथे वर्ग भरतात," ती मला म्हणाली आणि हसली. भाऊ गेल्यापासून तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

प्रवेशाच्या अर्जात दोन गोष्टी होत्या. एक, आपल्या मंडळाबाहेर किमान दहा दिवस प्रत्यक्ष काम केल्याचं पत्र. त्याशिवाय अर्ज पुढे जाणारच नव्हता. दुसरी, एक प्रश्न: 'खेळाच्या व्यवस्थापनात तुम्ही स्वतः घेतलेला एक निर्णय आणि त्याचा परिणाम लिहा.' मला पत्र अवघड वाटलं. तिनं मात्र प्रश्नाचीच जागा कोरी सोडली.

"हे तर सोपंय," मी म्हटलं, "शंभर निर्णय घेतेस तू."

"शेवटी लिहीन," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

पत्रासाठी तिनं त्रेपन्न ईमेल पाठवले. उत्तरं चार आली. एकांना क्रिकेट खेळलेला माणूस हवा होता. एकांनी 'मुलींची सोय नाही' असं कळवलं. तिसरं उत्तर आपोआप आलेलं होतं. चौथं उल्हासनगर कॅम्प पाचमधून, गच्चीवरच्या, तासावर भाड्यानं द्यायच्या एका टर्फचे मालक लछूभाई यांच्याकडून.

"इंटर्नशिप? हां हां बेटा, बैठ," लछूभाईंनी तिला खुर्ची दिली, समोर दोन मोबाईल ठेवले. "फोन आयेगा, बोलना स्लॉट फुल है."

"आणि खाली असेल तर?"

"तो बोलना एक ही बचा है."

"यात मी शिकणार काय, भाई?"

"अरे, यही तो मॅनेजमेंट है. ये मेरे को किसने सिखाया? किसीने नहीं. तेरे को तो मैं सिखा रहा हूँ."

माणूस वाईट नव्हता, दुपारी न मागता समोसा मागवायचा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ज्यांचे मिस कॉल पडलेत त्यांना उलटा फोन लाव. मनालीनं मोबाईल हातात घेतला. नंबर दाबला. समोर रिंग वाजायला लागली तशी तिनं तो टेबलावर ठेवला, ओढणी आवरली आणि जिना उतरून आली. मला म्हणाली, "समोसे फार तेलकट होते."

मग जानेवारीत अंबरनाथला कबड्डीची लीग ठरली. आठ संघ, दहा दिवस, लोखंडी गॅलऱ्या, नवी कोरी मॅट. आयोजन पुण्याच्या एका कंपनीकडे होतं आणि त्यांच्याकडून आल्या होत्या किर्ती मॅडम. पस्तिशीच्या, पायात बूट, गळ्यात दोन शिट्ट्या आणि तीन किल्ल्या.

"एका टीमला बारा प्लेयर, आठ टीम. कार्डं किती?" त्यांनी मनालीला उभ्या उभ्या विचारलं.

"शहाण्णव."

"चूक. कोच, मॅनेजर कोण मोजणार?"

"तुम्ही प्लेयरची कार्डं विचारलीत, मॅडम."

किर्ती मॅडमनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "उद्यापासून ये. नोंदणीचं टेबल तुझं. लीगचे दहाही दिवस नीट केलंस तर पत्र माझ्या सहीचं."

आठ संघांत आमचं उल्हासतीरही होतं. मनालीनं दोन दिवस बसून सगळ्यांच्या नोंदी केल्या. प्रत्येक नाव तपासलं, प्रत्येक फोटो दोनदा पाहिला. चार नावं परत पाठवली, एका संघाच्या मॅनेजरला रडकुंडीला आणलं. स्वतःच्या संघाची यादी शेवटी घेतली. ती तपासायची गरजच नव्हती. फाईल तयार होती, फोटो होते, आधार होतं. बोटांना पाठ असलेली बारा नावं बोटांनी भरली आणि पुढे गेली.

नोंदी संपल्या त्या दुपारी कार्डं छापायला घेतली. तिचे वडील, जनूकाका, डबा घेऊन आले होते. काका मांजर्लीतल्या एका सोसायटीत सकाळपाळीला वॉचमन आहेत. ती सोसायटी त्यांच्याच भाताच्या खाचरावर उभी आहे, पण ते काही हे कुणाला सांगत बसत नाहीत. डबा टेबलाच्या कडेला ठेवून ते स्टुलावर बसले होते आणि प्रिंटरमधून एकामागून एक कार्ड पडताना बघत होते.

संतोष पडला. मग आणखी एक. मग प्रीतम पडला.

निळी जर्सी, ओले केस, एका बाजूला वळलेला ओठ. खाली ठळक: खेळाडू, १२. सोबत बारकोड.

मनाली मला म्हणाली, "कागदावर तो नुसतं नाव असतो गं. हजर म्हटलं की संपतं. हे कार्ड गरम होतं. हातात घेतलं तर गरम."

ते रद्द करायचं म्हणजे किर्ती मॅडमना सांगायला हवं होतं, की नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं नसलेला माणूस लिहिलाय. सगळ्यांच्या याद्या परत पाठवणाऱ्या मुलीनं. तिनं कार्ड पालथं करून खणात टाकलं. उद्या सांगू, असं ठरवलं.

"बाय, जेवून घे," काका म्हणाले.

ती हात धुवायला गेली.

लीगची पद्धत अशी होती: खेळाडूंच्या गेटवर एक यंत्र होतं, त्याच्या काचेवर कार्ड टेकवायचं. पडद्यावर नाव आणि फोटो यायचा, हिरवा दिवा लागायचा आणि घंटी वाजायची. कोण किती वाजता आत आलं याची यादी रोज संध्याकाळी मनालीकडे येई. लीगच्या पहिल्या दिवशी ती यादी वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

प्रीतम जनू भोपी. प्रवेश ४.१२.

तिनं खण उघडला. टाचण्या होत्या, निळ्या रिबिनी होत्या. कार्ड नव्हतं.

बाहेर उल्हासतीरचा सामना सुरू होता. माईकवरचा माणूस ओरडत होता, डाव्या कोपऱ्यातून जबरदस्त पकड. डावा कोपरा ही प्रीतमची जागा. ती टेबलामागून उठून बघायला गेली नाही. तिला भीती वाटत होती की तिथे आपल्याला कुणी दिसेल, आणि त्याहून जास्त ही, की दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी ४.१४. तिसऱ्या दिवशी ४.०९.

गेटवर सुरक्षेला भिमाबाई होत्या, बुवापाड्याच्या. खाकी साडी, पायात कापडी बूट, समोर चहाचा थर्मास. चौथ्या दिवशी सकाळी मनाली त्यांच्याजवळ गेली.

"मावशी, चारच्या पुढे एक जण रोज येतो ना आत?"

"चारच्या पुढे लय जण येतात."

"बारा नंबर. आमच्या टीमचा."

"हां, तो. येतो ना. लवकर येतो बिचारा, बाकीची पोरं पाच-पाच वाजवतात."

"दिसतो कसा?"

"आता कसा दिसतो म्हणजे? दिवा हिरवा लागला का मी वर बघत नाय, पोरी. दिवसाचे हजार हात येतात माझ्यासमोर. मी हात बघते." भिमाबाईंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "त्याचा हात ओला असतो. रोज. काचेवर पाणी ठेवून जातो, मग मी पदरानं पुसते. तुझ्या ओळखीचा असंल तर सांग त्याला, मशीन बिघडंल म्हणावं."

मनालीनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दिवसाउजेडी उल्हास नदीच्या पुलावर उभ्या होतो, आणि तरी मी मागे वळून पाहिलं. प्रीतमला बाहेर काढलं तेव्हा मी तिथे होते. त्याचे हात मला आठवत होते. पाण्यात राहून पांढरे पडलेले.

"कुणीतरी कार्ड उचललंय, दुसरं काय," मी म्हटलं.

"हो. दुसरं काय," ती म्हणाली. "पण चारनंतरच का येतो?"

तिचं जेवण तुटलं. घरी आई काशीकाकू विचारायच्या, ती 'कामाचा ताण' म्हणायची. घरात प्रीतमचं गुडघ्याचं कव्हर अजून खिळ्याला होतं. ते हललंय असं तिला वाटायचं. किर्ती मॅडमना सांगावं तर पत्र जाणार. आणि सांगणार काय? की माझा मेलेला भाऊ रोज चारनंतर मैदानावर येतो? इकडे उल्हासतीर जिंकत सुटलं होतं. सातव्या दिवशी संघ उपांत्य फेरीत पोचला. संतोषनं तिला उचलूनच घ्यायचं बाकी ठेवलं.

"मने, फायनल खेळलो तर वरच्या लीगची माणसं बघायला येणारेत. बघणार ना तू?"

"बघते."

आठव्या दिवशी ती पावणेचारलाच गेटजवळच्या पाण्याच्या टाकीआड जाऊन उभी राहिली. टाकीला नळ होता. चार वाजून दहा मिनिटांनी तिथे एक माणूस आला. चपला काढल्या. नळाखाली हात धुतले, पाय धुतले, ओल्या हातानं डोळे पुसले. पायजम्याच्या खिशातून निळ्या रिबिनीचं कार्ड काढलं. गेटकडे गेला, काचेला टेकवलं आणि घंटी वाजली तरी जागचा हलला नाही. पडद्यावरचा फोटो विझेपर्यंत बघत उभा राहिला. मग आत गेला.

मनाली त्यांच्या मागोमाग गेली. मॅटच्या डाव्या कोपऱ्यापलीकडे राखीव खेळाडूंचा बाक होता, त्याच्या अगदी टोकाला काका बसले होते. मांडीवर दोन्ही हात उलटे टाकून. मैदान रिकामं होतं.

"बाबा."

काकांनी मान वळवली नाही. "सापरलू का तुला?"

"आईला सांगितलंत ओव्हरटाईम आहे."

"हाय नं. ओव्हरटाईमच."

"तुम्हाला यायचं होतं तर मी पास दिला असता. समोरच्या गॅलरीत खुर्ची दिली असती."

"पासाव माझा नाव येल. मना माझा नाव कशाला बघायचा?" त्यांनी कार्ड दोन बोटांत धरलं. "त्या मशीनला टेकवला का त्यो येतं. फोटू येतं. 'प्रीतम जनू भोपी, प्रवेश' असा लिहून येतं, बाय. हिरवा दिवा लागतं. मशीनला कुणी सांगलाच नाय त्यो गेलाय ता."

मनाली बाकावर बसली.

"आणि हात का धुता?"

"मैदानाव येताना धुवायला नको? तुझा भाऊ धुवायचा." मग थोड्या वेळानं, "तुला कं वाटला?"

तिला काय वाटलं होतं ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं ते वेगळंच. तीन वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते. म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी फोन केला होता त्याला. उल्हासनगरहून, कॉलेजातून. चार वाजून गेले होते. मी म्हटलं, खोलीत पाणी शिरेल, मॅट वर उचल, एकशे चाळीस तुकडे आहेत, मोजून घे. तो म्हणाला, सकाळी बघतो. मी म्हटलं, सकाळी काय बघणार, आत्ता जा." तिनं श्वास घेतला. "मी पाठवलं त्याला."

काका मॅटकडे बघत होते.

"ठाव हाय मना."

"कसं?"

"पोलिसांनी फोन परत दिला नं त्याचा. शेवटचा फोन तुझा, 'मनू' लिवलेला. दोन मिंटा." त्यांनी रिबीन बोटाला गुंडाळली. "आन तुझा फोन आला तवा मी त्याच्या बाजूलाच व्हतू. दारातच बसलेलू. माझ्या समोरशी गेला त्यो. पाणी कवरा वर चरलाय ता मना दिसत व्हता. थांब बोलाया तोंड उघरला नाय मी. बोललू, मंडळाचा सामान हाय, जाऊ दे."

मॅटवर दोन माणसं चिकटपट्टी लावत होती.

मग मनाली म्हणाली, "उद्या सेमीफायनल आहे. हे मला मॅडमना सांगावं लागेल."

"सांगलास तं तुझा पत्र?"

"जाईल बहुतेक."

"पोरांचा सामना?"

"तोही."

"आन नाय सांगलास?"

"शहाण्णव जणांचा विमा काढलाय, बाबा, त्या यादीतही तो आहे. खेळताना कुणाला काही झालं आणि यादी खोटी निघाली तर सगळेच अडकतील. मग ते पुन्हा माझ्यामुळे झालं असं होईल. एकदा झालंय."

काकांनी बोटाची रिबीन सोडवली. कार्ड धोतराला पुसावं तसं पायजम्याला पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

किर्ती मॅडम आत्ता कुठे दुपारचं जेवत होत्या. मनालीनं कार्ड डब्याशेजारी ठेवलं आणि उभ्यानं सगळं सांगितलं. मॅडमचा घास हातातच राहिला.

"म्हणजे हा प्लेयर नाहीच?"

"तीन वर्षांपूर्वी गेला. माझा भाऊ."

"मग एंट्री कशी केलीस?"

"आम्ही नेहमी लिहितो. गावात. नाव वाचतात, आम्ही हजर म्हणतो."

"आणि पंच?"

"टिक करतात."

किर्ती मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "गावात तो तुमचा माणूस आहे गं. इथे तो शहाण्णवांतला एक आहे. खोट्या नोंदीचा नियम काय आहे?"

"संघ बाद."

"कुणी टाईप केलाय?"

"मीच. नियमावली मीच टाईप केली."

"बस जरा," मॅडम म्हणाल्या. ती बसली नाही. "डेस्कवर तुला ठेवता येणार नाही. टीम जाणार, ते माझ्या हातात नाही. दोन दिवस राहिलेत. मॅटच्या माणसांत एक कमी आहे. पुसायची, शेवटी उचलायची, मोजून गाडीत भरायची. करशील? केलंस तर लीगचे दहा दिवस पुरे होतील. पत्रात जे केलंस तेच लिहीन, एक शब्द जास्त नाही."

मॅट म्हणजे मनालीला काय, हे किर्ती मॅडमना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मंडळाची मॅट उचलायला बोलावलं तरी ती गेली तीन वर्षं दाराबाहेर उभी राहायची.

"करते," ती म्हणाली.

कार्ड नष्ट करायचं असतं. मॅडमनी बारकोडवर पंचिंग मशीननं दोन भोकं पाडली, क्षणभर फोटोकडे पाहिलं आणि ते तिच्याकडे परत दिलं. "घरी ठेवा. गेटला लावू नका."

संतोषनं संध्याकाळी तिला गाठलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दोन दिवस थांबली असतीस."

"नसतं जमलं."

"अकरा जण घरी चाललोत, मने. आणि त्यालाही तूच बाहेर काढलंस. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी."

मनाली मॅट पुसायचं फडकं आणायला गेली.

शेवटच्या दिवशी बक्षिसं वाटून झाली, गॅलऱ्या रिकाम्या झाल्या आणि सहा माणसं मॅट उचलायला लागली. एकेक मीटरचे चौकोन, कडेला दाते, एकमेकांत अडकवलेले. एक कोपरा धरून ओढला की दाते सुटताना टरटर आवाज होतो. मनाली उजवीकडून सुरुवात करून डावीकडे आली. मोजत आली. डाव्या कोपऱ्याचा शेवटचा तुकडा उचलायच्या आधी ती थांबली. मागचा माणूस म्हणाला, "ताई, उचल ना, गाडी लागलीय." तिनं उचलला. खाली हात लावून बघितला. जमीन कोरडी होती.

पत्र चार ओळींचं आलं: सात दिवस नोंदणी, तीन दिवस मैदान-मांडणी. आठवा दिवस मॅडमनी मांडणीत धरला होता. पुढे लिहिलं होतं, नोंदणीत एक गंभीर चूक केली, ती स्वतः येऊन सांगितली. मनालीनं ते तसंच अर्जाला जोडलं. मग कोरी ठेवलेली जागा भरायला बसली आणि मला वाचायला दिली. मला सगळं मोठ्यानं वाचायची सवय. पहिलं वाक्य वाचलं आणि माझा आवाज आपोआप खाली आला.

'बावीस जुलैला दुपारी चारनंतर मी माझ्या भावाला फोन केला. खालच्या खोलीत मंडळाची मॅट होती, एकशे चाळीस तुकडे. मॅट वाचवायची, हा निर्णय माझा होता. खोलीतली वीज बंद आहे का, हे मी विचारलं नाही.'

पुढे तिनं कसलीही सारवासारव न करता सगळं लिहिलं होतं. फोन, काका, पाणी, कार्ड, संघ. शेवटी: 'परिणाम: आमच्या यादीत बारा नावं असतात.'

"हे पाठवणार?" मी विचारलं.

"दुसरा निर्णय आठवत नाही मला."

एप्रिलमध्ये गावदेवीच्या जत्रेतल्या स्पर्धेला तिनं अकरा नावांची यादी छापून आणली. संतोषनं ती वाचली. खिशातून पेन काढलं आणि खाली हातानं बारावं नाव लिहिलं. तिच्याकडे बघितलं नाही, पण यादी माझ्याकडे न देता तिच्या हातात दिली. ती तिनं माझ्याकडे आणून दिली. मी वाचली. ते हजर म्हणाले.

कोर्सच्या प्रवेशाच्या दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं. जूनमध्ये कॉलेजच्या पहिल्या दिवशी काका तिला सोडायला गेले. संस्थेच्या गेटवर तसंच एक यंत्र होतं. मनालीनं नवं कार्ड टेकवलं. पडद्यावर तिचा फोटो आला, खाली मनाली जनू भोपी, प्रवेश. हिरवा दिवा लागला.

ती आत गेली आणि मागे वळली. काका गजापलीकडे उभे होते.

"बाय, परत येकदा टेकव नं."

"बाबा, लोक थांबलेत."

"येकदाच."

ती बाहेर आली. तोवर काकांनी बाटलीतलं पाणी हातावर घेतलं होतं. त्यांनी हात झटकले, सदऱ्याच्या खिशातून दोन भोकं पाडलेलं कार्ड काढलं आणि काचेला टेकवलं. यंत्र लांब, जाड आवाजात वाजलं. दिवा लाल झाला. पडद्यावर काहीच आलं नाही.

"काका, हे नाही चालणार इथे," गेटवरचा माणूस म्हणाला.

"ठाव हाय," काका म्हणाले. "बघितला फकस्त." कार्ड खिशात ठेवून ते बाजूला झाले. "हां, आता तुझा."

काचेवर त्यांच्या ओल्या बोटांचे ठसे होते. मनालीनं कार्ड उचललं आणि हात तिथेच थांबला. मागून एक मुलगी म्हणाली, "जा ना पुढे, लेक्चर सुरू होईल."

"एक मिनिट," मनाली म्हणाली.

ठसे कडेनं आत सुकत आले, आधी करंगळी, मग बाकीची बोटं. काच कोरडी झाल्यावर तिनं कार्ड टेकवलं. काका पडद्याकडे बघत होते.